गवत कापावे, पण वेळ ठरवून

पावसाने उघडीप दिली की शहरांतील गृहनिर्माण सोसायट्यांत गवत कापण्याचे काम निघते. खांद्याला पट्टा, लांब दांडा, दांड्याच्या टोकाला गरगर फिरणारी नायलॉनची दोरी आणि मागे पेट्रोलवर चालणारे छोटे इंजिन. सकाळी साडेसहाला हे ग्रास कटर सुरू झाले की रात्रपाळी करून नुकताच आडवा झालेला माणूस दचकून उठतो, तान्ही बाळे रडू लागतात, अभ्यासाला बसलेली मुले खिडक्या लावून घेतात. तक्रार मात्र क्वचितच होते. झालीच तर ‘मग गवत वाढू द्यायचे का?’ असा प्रतिप्रश्न येतो. तो रास्त आहे. वाढलेल्या गवतात साप शिरतात, मुलांना खेळता येत नाही. गवत कापायलाच हवे. ते कधी आणि कशाने कापायचे, हे ठरवण्याची तसदी मात्र बहुतेक सोसायट्या घेत नाहीत.

हे काम कायद्यावर सोपवून चालणार नाही. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल अशी मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्र, बाकी सारा दिवस. म्हणजे साडेसहाचे मशीन कायद्याच्या लेखी दिवसाच चालते. 2010 च्या दुरुस्तीने निवासी भागात आवाज करणाऱ्या बांधकाम यंत्रांना रात्री मनाई केली. बागकामाच्या यंत्रांचा तिथे वेगळा उल्लेख नाही. शिवाय 55 ची मर्यादा ठरावीक काळातील सरासरीची आहे. दिवसाच्या सोळा तासांत अर्धा तास 70 डेसिबलचा आवाज झाला आणि उरलेला वेळ पूर्ण शांतता आहे असे धरले, तर सरासरी बरोबर 55 भरते. कागदावर नियम पाळला जातो आणि झोप मात्र मोडलेली असते. लाउडस्पीकर आणि फटाक्यांसाठी न्यायालयांनी वेळोवेळी कडक भूमिका घेतली, ती आवश्यकच होती. पण आवारातल्या अर्ध्या तासासाठी पोलिसांना फोन करावा, असे कोणालाही वाटत नाही, आणि वाटूही नये.

आवाज एवढा बोचतो यालाही कारणे आहेत. या यंत्रांतील दोन-स्ट्रोक इंजिन हलके ठेवावे लागते, त्यामुळे मोठा सायलेन्सर बसवता येत नाही. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो. चारही बाजूंनी इमारती असलेल्या आवारात तो भिंतींवर आपटून परत येतो आणि वरच्या मजल्यांनाही सोडत नाही. त्यात इंजिनाचा सूर सतत चढत-उतरत राहतो, त्यामुळे कानाला त्याची सवय होत नाही.

घरातल्यांना निदान खिडकी लावता येते. यंत्र खांद्यावर घेतलेल्या माळ्याला ती सोय नाही. गवताचे तुकडे उडतात म्हणून तोंडाला रुमाल बांधलेला, पायांत साध्या चपला आणि कान उघडे, असे त्याचे रूप सर्रास दिसते. पेट्रोलच्या ग्रास कटरचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी बहुधा 90 डेसिबलच्या पुढे असतो. अमेरिकेतील ‘नायॉश’ या कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार 85 डेसिबलमध्ये आठ तास काम करता येते. पुढे दर तीन डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. म्हणजे 94 डेसिबलला जेमतेम एक तास. ठेकेदाराचा माणूस तर एका दिवसात दोन-तीन सोसायट्या करतो. आवाजाने गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. शांततेची मागणी करणाऱ्यांनी आधी या माणसाची काळजी केली पाहिजे.

इतर देशांनी यावर दोन वाटा काढल्या. जर्मनीने 2002 च्या नियमाने वेळा ठरवल्या: निवासी भागात पेट्रोलची झुडपे-गवत कापणारी यंत्रे आणि पाने उडवणारे ब्लोअर सर्वसाधारणपणे फक्त कामाच्या दिवशी सकाळी नऊ ते एक आणि दुपारी तीन ते पाच चालवता येतात, रविवारी आणि सणाच्या दिवशी बंद. अमेरिकेत काही ठिकाणी यंत्रालाच हात घातला गेला. वॉशिंग्टन शहरात 2022 पासून पेट्रोलच्या ब्लोअरवर बंदी आहे, तर कॅलिफोर्नियाने 2024 पासून अशा छोट्या पेट्रोल इंजिनांची नवी विक्री थांबवण्याचे धोरण घेतले. त्यामागे आवाजाइतकाच धुराचाही विचार होता. बॅटरीची यंत्रे तुलनेने शांत असतात, पण महाग पडतात. छोट्या ठेकेदाराला ती एका दिवसात घ्या म्हणणे अन्यायाचे ठरेल. आपल्याकडे वेळेची वाट आधी धरता येईल.

तीही माळ्याच्या सोयीने आखली पाहिजे. ते लोक पहाटे येतात ते ऊन टाळण्यासाठी. पण गवताचा हंगाम मुख्यतः पावसाळ्यातला असतो, तेव्हा नऊ ते बारा ही वेळ त्यांनाही फारशी जड जात नाही. उन्हाचा खरा प्रश्न फेब्रुवारी ते एप्रिलच्या पानगळीत येतो, आणि त्या दिवसांत यंत्राची गरजच नसते. देशी बदामाची, पिंपळाची पाने खराट्याने गोळा होतात, आणि खराटा पहाटे सहालाही खुशाल चालावा. ती पाने झाडांच्या आळ्यांत पसरली तर ब्लोअर नको आणि जाळणेही नको.

सहकार कायद्यानुसार सोसायट्यांची वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, म्हणजे नेमकी गवत कमरेला लागते तेव्हा. त्या सभेत एक ठराव पुरेसा आहे: यंत्र नऊच्या आधी नाही, रविवारी नाही, आदल्या दिवशी फलकावर सूचना, पानांसाठी खराटा, आणि ठेकेदाराच्या करारात माळ्यासाठी इअरमफ, चष्मा व बूट, ज्यांचा खर्च सोसायटी देईल. यातली शेवटची अट सर्वांत आधी वाचावी. ज्याच्या श्रमावर आपले आवार नीटनेटके राहते, त्याचे कान वाचवण्याची तयारी असेल तरच आपली शांततेची मागणी न्याय्य ठरेल.