शरणपूर रोडवरून अथेन्स

गुलामगिरी म्हटली की आपल्याला अथेन्स आठवते, गुलामाला जिवंत हत्यार म्हणणारा ॲरिस्टॉटल आठवतो. आपला शरणपूर रोड आठवत नाही. एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या गलबतांतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना नाशिकच्या शरणपूर मिशनमध्ये आसरा मिळाला. नाशकात शिकलेला जेकब वेनराइट १८७४ साली लिव्हिंग्स्टनच्या शवाबरोबर लंडनला गेला. हे आपण कौतुकाने सांगतो. पेशवाईत कुणबिणी विकत घेतल्या जात, हे सांगत नाही.

कर्जापायी नागरिकाला गुलाम करणे सोलोनने अथेन्समध्ये इसवी सनापूर्वी ५९४च्या सुमारास बंद केले. आपला वेठबिगारी निर्मूलन कायदा १९७६चा. त्यानंतरची गोष्ट. मी बँकेत होतो. कर्जासाठी मळा पाहायला गेलो, तेव्हा मालक म्हणाले, "हा सालदार कुठं जातोय साहेब? बापाची उचल फिटायचीय अजून." कायद्याने ते देणे केव्हाच संपले होते. मला ते ठाऊक होते. मी विहीर मोजली, चहा घेतला आणि शिफारस लिहिली.

आजही ऊसतोडीच्या टोळ्या उचल घेऊनच निघतात. तिचा हिशेब कोण तपासतो, हे आपण विचारलेच पाहिजे. मी तेव्हा विचारले नाही. अथेन्सकरांना आता कोणत्या तोंडाने नावे ठेवू?