विजेचा बोर्ड केवढा हवा?

घराचा स्लॅब टाकून झाला, गिलावा झाला, की घरात चर्चा रंगते ती फरशीची आणि रंगाची. विजेचा बोर्ड मात्र वायरमन आणील तो! नांदेड-लातूरकडच्या वस्त्यांत आम्ही हेच पाहतो. दारावर जुना फ्यूजचा डबा आणि त्यात तांब्याची जाड तार गुंडाळलेली. वीज जात नाही म्हणून सगळे खूश. पण वाचकहो, मीटरपर्यंतची जबाबदारी महावितरणची. मीटरच्या पुढची वायर आपली आणि धोकाही आपलाच.

आधी हिशेब करू. रमाई आवास योजनेतले 269 चौरस फुटांचे घरकुल धरू. 9 वॅटचे चार दिवे, 20 वॅटची एक नळी, 75 वॅटचे दोन पंखे, टीव्ही 100, फ्रिज 200, कूलर 200, मिक्सर 750, इस्त्री 1000 आणि पाणी तापवायचा रॉड 1500 वॅट. बेरीज झाली सुमारे 3950 वॅट. तिला 230 व्होल्टने भागले की 17 अँपिअर येतात. म्हणजे सगळे एकदम चालू केले तरी 25 अँपिअरचा दोन पोलचा मेन एमसीबी पुरतो. मीटरपासून बोर्डापर्यंत तांब्याची 4 चौरस मिलिमीटरची वायर घ्यावी.

आता बोर्डात घरे किती? मेन एमसीबीला दोन, आरसीसीबीला दोन. पुढे दोन खोल्यांच्या दिवे-पंख्यांना एकेक, स्वयंपाकघराला एक, रॉड-इस्त्रीच्या प्लगला एक. झाली आठ. चार रिकामी ठेवा आणि बारा घरांचा बोर्ड घ्या. कोणी दुकानदार मेनची जागा धरून मोजतो, कोणी सोडून. तेव्हा विचारून घ्या. उद्या मुलीने शिलाई मशीन घेतले किंवा घरगुती गिरणी आणली, तर भिंत फोडावी लागणार नाही. गीझर किंवा एसी घ्यायचा झाला तर मात्र त्याला वेगळी 4 चौरस मिलिमीटरची वायर आणि 20 अँपिअरचा एमसीबी लागेल. मेनचा हिशेबही नव्याने करावा लागेल आणि महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्यावा लागेल.

इथे एक गैरसमज काढून टाकू. मोठा एमसीबी म्हणजे चांगला एमसीबी नव्हे. एमसीबी असतो तो वायरीच्या रक्षणासाठी. दिवे-पंख्यांच्या दीड चौरस मिलिमीटर वायरीला 6 किंवा 10 अँपिअरचा, अडीचच्या वायरीला 16 चा. एमसीबी सारखा पडतो म्हणून त्याजागी 32 चा बसवला, तर तो पडायचा थांबतो, पण भिंतीतली वायर तापत राहते. आग तिथूनच लागते. पडणारा एमसीबी कटकट करीत नसतो, तो आपल्याला सावध करीत असतो.

तरीही एमसीबी माणसाला वाचवीत नाही. माणसाच्या अंगातून जाणारा प्रवाह एवढा थोडा असतो की एमसीबीला तो कळतच नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 40 च्या वर जातो, लोखंडी कूलर दिवसरात्र चालतो, आणि पाणी घालताना लेकरांचे ओले हात त्याला लागतात. त्यासाठी 30 मिलिअँपिअरला पडणारा, 40 अँपिअरचा आरसीसीबी हवाच. त्यावरचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. तो लगेच पडला पाहिजे. जोडीला चांगले अर्थिंग आणि कूलरला तीन पिनांचाच प्लग. एवढे करूनही पाणी घालताना प्लग काढूनच ठेवावा.

महावितरणने 2021 साली 14 एप्रिल ते 6 डिसेंबर या काळात अनुसूचित जाती-जमातींच्या अर्जदारांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवन प्रकाश योजना राबवली. अनामत रक्कम 500 रुपये, तीही पाच हप्त्यांत. मात्र अर्जासोबत वायरिंगचा चाचणी अहवाल मागितला होता. हा कागद केवळ सहीपुरता समजू नका. परवानाधारक माणसाकडून अर्थिंग आणि वायरिंग खरोखर तपासून घ्या.

घरात पैसे कमी असतील तर झुंबर पुढच्या वर्षी आणा, रंग एका हातात भागवा. पण आयएसआय खुणेचा एमसीबी, आरसीसीबी आणि अर्थिंग यांत काटकसर नको. ती काटकसर लेकरांच्या जिवावर बेतू शकते.