पिंछी बदलतात, संगणक का नाही?

अपरिग्रह हा शब्द आमच्या घरांत नेमका कधी आठवतो, याची एकदा नोंद ठेवायला हवी. दुकानात नवा संगणक येतो तेव्हा तो आठवत नाही. जीएसटीचं रिटर्न वेळेत गेलं पाहिजे, टॅली अडकून चालत नाही, म्हणून तो खर्च मुळी खर्चच नसतो. मुलाला इंजिनिअरिंगला लॅपटॉप लागतो, तेव्हाही तो आठवत नाही. पण घरच्या कोपऱ्यातला संगणक, ज्याचं बटण दाबून चहा उकळून पिऊन झाला तरी डोळे उघडत नाही, त्याचं काहीतरी करूया असं घरातली बाई म्हणाली, की लगेच उत्तर येतं, "कशाला आणि एक वस्तू घरात? अपरिग्रह म्हणता ना तुम्ही पूजेत?"

'आपण' नव्हे, 'तुम्ही' म्हणता. व्रत बायकांनी पाळायचं आणि हिशेब पुरुषांनी ठेवायचा, अशी ही वाटणी आहे.

दुसरी बाजूही काही कमी नाही. खडेबाजारात एका दुकानी मी विचारायला गेले, तर झाकणाचा एक स्क्रूसुद्धा न काढता तिथला मुलगा म्हणाला, "अक्का, भंगारात घाला हे आता. नवीन घ्या की, हप्त्यावर देतो बघा." साडी घेताना आपण पदर उलगडतो, काठ उन्हात धरतो, दोन दुकानं फिरतो. इथं मात्र न उघडता निकाल. एकजण म्हणतो काहीच करू नका, दुसरा म्हणतो सगळंच टाका. या यंत्रावर तुमचं काम काय आहे, हे दोघांपैकी एकानंही विचारलं नाही.

माझं भांडण दोघांशी आहे. पण घरचा माणूस धर्म पुढं करतो, म्हणून आधी त्याच्याशी.

परिग्रह म्हणजे वस्तू नव्हे, वस्तूवरची मूर्च्छा, असं तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी सांगून ठेवलंय. श्रावकाचं व्रत परिग्रहपरिमाणाचं असतं, म्हणजे मर्यादा ठरवायची. आणि बाह्य परिग्रहाची यादी शेत, घर, चांदी, सोनं इथून सुरू होते. निपाणीकडची जमीन आणि लॉकरमधलं सोनं मोजून झालं, की मग आपण माझ्या कीबोर्डाकडे येऊया.

त्याही पुढं जाऊ. दिगंबर मुनींजवळ काहीच नसतं, अंगावर सूतही नसतं. तरी तीन उपकरणं त्यांना चालतात: पिंछी, कमंडलू आणि शास्त्र. संयमाचं एक, शौचाचं एक, ज्ञानाचं एक. ज्यानं सगळं सोडलं त्यालाही ज्ञानाचं साधन सोडायला सांगितलेलं नाही. मग महिला मंडळाचा वृत्तांत लिहिणारी, मुलांच्या पाठशाळेचे धडे तयार करणारी, आजेसासूच्या वहीतली स्तवनं उतरवून ठेवणारी बाई ज्ञानाचं साधन मागते, तेव्हा ती चैन कशी ठरते?

आणि ही पिंछी दरवर्षी बदलतात. चातुर्मास संपला की पिंछी परिवर्तनाचा सोहळा होतो, आपण सगळे आवरून जातो, फोटो काढतो. का बदलतात, हे कधी विचारलंय? मोरपीस घेतात ते मऊ आणि हलकं म्हणून. ते धूळ धरत नाही, घाम धरत नाही. त्यानं जागा झाडली तरी मुंगीला इजा होत नाही. वापरून वापरून पिसं झिजतात, राठ होतात. मग जे साधन जीव राखायला घेतलं तेच जीवाला टोचायला लागतं. म्हणून बदलायचं. जुनी झाली म्हणून नव्हे, शेजारच्या संघात नवी आली म्हणून नव्हे. काम नीट होईना आणि अपाय व्हायला लागला म्हणून. जुनी पिंछीही टाकत नाहीत, संयमाचं व्रत घेणाऱ्या श्रावकाच्या हाती देतात.

संगणकाला हीच कसोटी लावा. त्याहून शहाणी कसोटी मला कुठल्या जाहिरातीत मिळालेली नाही.

तर मग झाकण उघडूया. २०१४-१५च्या सुमाराचं यंत्र असेल तर त्यात बहुधा जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क असते. आतली तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे फिरते आणि एक काटा तिच्यावर इकडून तिकडे पळत माहिती शोधतो. यंत्र मंद झालं असं आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा प्रोसेसर रिकामा बसलेला असतो आणि हा काटा एकटा धावत असतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. काही चालू नसताना डिस्कपुढं सतत शंभर टक्क्यांच्या आसपासचा आकडा दिसला, तर चोर बहुतेक तिथंच. तिच्या जागी एसएसडी बसवता येते. तिच्यात फिरणारं काही नसतं. लग्नातल्या एका मानाच्या साडीइतक्या खर्चात यंत्र उठून बसतं. रॅम चार जीबी असेल तर आठ करा, पण डीडीआर३च्या खाचेत डीडीआर४ बसत नाही, तेवढं बघून घ्या. आणि दर वेळी तारीख चुकत असेल, बँकेचं पान उघडत नसेल, तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलाय का बघा. सेलसाठी कुणी संगणक बदलतं काय?

भांड्याला कल्हई करायची, जुन्या पाटल्या मोडून नव्या करायच्या, हे आपल्याला कुणी शिकवावं लागलं नाही. विजेवर चालणाऱ्या वस्तूपाशीच आपला हात का थांबतो, कळत नाही. "त्यातलं तुला काय कळतंय" हे वाक्य लहानपणापासून ऐकलं, त्याचा हा परिणाम असावा.

आता पिंछी राठ झाल्याची खूण. विंडोज १०ची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ला संपली. विंडोज ११ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१७च्या आधीची बहुतेक यंत्रं बाहेर. हा नियम कंपनीनं केला, माझ्या यंत्राचा त्यात काही दोष नाही, आणि धडधाकट यंत्रं एका तारखेनं म्हातारी ठरवणं मला मुळीच पटत नाही. पण पटत नाही म्हणून धोका टळत नाही. दुरुस्ती न मिळणाऱ्या यंत्रावर बँक उघडू नका, मंडळाचे पैसे तर नाहीच. लिहायला, वाचायला, जुनी कागदपत्रं सांभाळायला ते पुढंही चालेल. लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली घातली तर सुरक्षाही मिळते आणि मराठी-कन्नड दोन्ही टंकता येतं. फक्त विंडोजसाठी केलेलं श्रीलिपी तिच्यावर सरळ चालत नाही.

आणि इथंच बायकांचं खरं नुकसान होतं. आपल्या कितीतरी मंडळांची स्मरणिका, पूजेची पुस्तकं, कुणाचे लेख त्या जुन्या फॉन्टांत अडकलेत. ते युनिकोड नव्हेत. फॉन्ट नसलेल्या यंत्रावर ती फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, आणि घरातला मुलगा म्हणतो, "हे करप्ट झालंय, डिलीट करू?" नवं घ्या, जुनं ठेवा, काहीही करा, पण आधी हे सगळं युनिकोडमध्ये उतरवून दोन ठिकाणी ठेवा.

उतरवून ठेवणं आपल्याला नवं नाही. दहाव्या शतकात याच कर्नाटकात अत्तिमब्बेनं पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या एक हजार प्रती ताडपत्रावर लिहवून घेऊन वाटल्या. रन्नानं अजितपुराण रचलं ते तिच्याच आश्रयानं. लक्कुंडीची बस्ती तिनं बांधली, लोक तिला दानचिंतामणी म्हणाले. हजार प्रतींना किती ताडपत्रं लागली असतील, किती लेखणी झिजल्या असतील! तिला कुणी अपरिग्रह ऐकवल्याची नोंद नाही. तिचं नाव प्रवचनात घेताना आपले वक्ते गहिवरतात, आणि घरी येऊन बायकोला सांगतात, "मोबाइल आहे की हातात." मोबाइलवर दुसऱ्याचं वाचता येतं, अक्का. चाळीस पानं अंगठ्यानं लिहून दाखवा म्हणावं.

राहिलं जुन्या यंत्राचं. खाणीतून निघालेल्या धातूंचं ते बनलेलं असतं, आणि जमीन फोडण्याचा धंदा आपल्या शास्त्रातल्या पंधरा कर्मादानांत आहे. पृथ्वीकायिक जीव मानणाऱ्यांनी चालतं यंत्र फेकताना थबकलंच पाहिजे. २०२२ साली जगात सहा कोटी वीस लाख टन ई-कचरा झाला, त्यातला चौथा हिस्साही नीट गोळा होऊन प्रक्रियेला गेला नाही. मुरादाबादेत रामगंगेच्या काठी लोक असले बोर्ड जाळून धातू काढत आलेत. तो धूर त्यांच्या लेकरांच्या छातीत जातो. भंगारवाल्याला वजनावर देऊन आपली अहिंसा शाबूत राहते, असं समजू नका. चालत असेल तर पाठशाळेला द्या, मेलं असेल तर नोंदणी असलेल्या ई-कचरा केंद्रात द्या. डिस्क मात्र पूर्ण पुसल्याशिवाय कुणालाही नको, नुसतं डिलीट करून काही जात नाही.

दशलक्षणात उत्तम त्यागाच्या दुसऱ्या दिवशी उत्तम आकिंचन्य येतं. यंदा त्या दोन दिवसांच्या मधल्या संध्याकाळी बस्तीत मंडळाच्या बायकांनी जमावं, असं मी सुचवलंय. येताना स्क्रूड्रायव्हर आणि जुन्या फाइलींचा पेनड्राइव्ह आणा. घरच्या यंत्राचा पासवर्ड कुणाकडे आहे, तेही विचारून या.