संधिवाताच्या गोळ्या आणि कोरोना

संधिवाताला कन्नडमध्येही संधिवातच म्हणतात, त्यामुळे आपल्या घरांत हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पण रुमॅटॉइड संधिवात किंवा ल्युपस म्हणजे नुसती वयाची गुडघेदुखी नव्हे. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच अंगावर उलटते आणि औषधं तिला आवर घालतात.

माझी मावशी सौंसरची. अथणीकडची माणसं औषधपाण्याला मिरजेला जातात, तशी सौंसर-पांढुर्ण्याची नागपूरला. २५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली आणि राज्याची हद्द आडवी आली. पासाशिवाय पलीकडे जाता येईना. त्यातच तिची हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची गोळी दुकानांतून गायब! आयसीएमआरने ती आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रतिबंधक म्हणून सुचवली होती; धडधाकट माणसांनीही डबे भरून ठेवले. २६ मार्चला सरकारने विक्रीचे नियम कडक केले. जूनमध्ये ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीत कळलं, की दाखल झालेल्या कोरोना रुग्णांना तिचा उपयोगच नाही. मावशीला मात्र होता.

२०२१ च्या एप्रिलमध्ये तिला कोरोना झाला. शेजारपाजारचा सल्ला एकच: "प्रतिकारशक्ती मारणाऱ्या गोळ्या सगळ्या बंद करा." डॉक्टरांनी फोनवर वेगळं सांगितलं. आठवड्याची मेथोट्रेक्सेट बरं होईपर्यंत थांबवायची, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू ठेवायची. आणि प्रेडनिसोलोन? ती मनाने मुळीच सोडायची नाही. स्टेरॉइड बरेच दिवस घेतलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. एकदम तोडलं तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. मनाने वाढवायचीही नाही. स्टेरॉइडचा मोठा डोस चालू असणाऱ्यांना कोरोना जास्त जड गेला. रिटुक्सिमॅब घेणाऱ्यांनाही तसंच. शिवाय त्यांच्या अंगात लस नीट मुरत नाही, म्हणून तिची वेळ डॉक्टरांशी बोलूनच ठरवावी.

गंमत अशी, की संधिवाताचंच टोसिलिझुमॅब हे इंजेक्शन कोरोनाच्या गंभीर रुग्णांना दिलं गेलं. आवर घालणारं औषध एका वेळी घातक, दुसऱ्या वेळी तारक. सारा खेळ वेळेचा. तो आपण घरी खेळू नये, हे माझं स्पष्ट मत.

कोरोना आजही अधूनमधून डोकं वर काढतो. मावशीने ताप आला तर कोणती गोळी थांबवायची, कोणती नाही, हे डॉक्टरांकडून लिहून घेऊन फ्रीजवर चिकटवलंय. मराठीत, आणि नातवंडांसाठी खाली हिंदीत.