टवका गेलेला ग्लास

आमच्याकडे काचेच्या ग्लासांचा सहाचा सेट कधीच सहाचा राहिलेला नाही. लग्नात आलेला असो, दिवाळीत घेतलेला असो, की मिक्सरवर फुकट मिळालेला... वर्षभरात त्याचे चार होतात आणि मग साडेतीन. हा अर्धा म्हणजे टवका गेलेला. बांगडी फुटली तर आपण ती 'वाढली' म्हणतो. ग्लासाच्या नशिबी तेवढंही कौतुक नाही, तो आपला सरळ फुटतो! तर आज लिहायचंय ते त्या अर्ध्या ग्लासाबद्दल.

पण आधी थोडं धडक्या ग्लासांबद्दल, कारण मागे भाचीने नवीन घर लावताना विचारलं होतं, कुठले घेऊ म्हणून. माझं मत विचाराल तर सेट घेऊच नये. सुटे मिळतात ते साधे, सरळ घ्यावेत, म्हणजे एक गेला तर एकच आणता येतो. तोंड एवढं रुंद हवं की धुताना हात आत गेला पाहिजे. काठाला सोनेरी पट्टी किंवा रंगीत नक्षी नको. अशा रंगांत शिसं, कॅडमियम असू शकतं, आणि ओठ नेमके तिथेच लागतात. चहासाठी बोरोसिलिकेटचे. साधी काच उष्णतेने जेवढी प्रसरण पावते, त्याच्या साधारण एक तृतीयांशच ही पावते. जाड बुडाचा ग्लास मजबूत वाटतो खरा, पण उकळता चहा ओतला की तोच आधी तडकतो. आतली बाजू फुगायला लागते, बाहेरची अजून गारच असते, आणि ही ओढाताण काचेला सोसत नाही.

आता निगा. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर, एरवी बोअर, त्यामुळे ग्लासांवर पांढुरका थर ठरलेला. तो साबणाने जात नाही, कारण तो क्षारांचा असतो. अर्धं पाणी, अर्धं व्हिनेगर घालून ग्लास दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवायचे. नाहीतर सरबत करून उरलेली लिंबाची सालं आतून फिरवायची. एवढं करूनही धुरकटपणा राहिला तर काचच खरबरीत झाली समजा, त्याला इलाज नाही. तारेची घासणी अजिबात नको. आणि एकात एक ग्लास कधी ठेवू नका. अडकलेच तर आतल्यात गार पाणी भरून बाहेरचा कोमट पाण्यात धरायचा, आतला आक्रसतो, बाहेरचा सैलावतो आणि सुटतात. ही सासूबाईंची युक्ती.

माझं आजोळ तळेगावचं. १९०८ साली पैसाफंडाच्या वर्गणीतून तिथे काचेचा कारखाना निघाला, लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता. लोकांनी पैसा पैसा देऊन उभा केलेला कारखाना. आजी हे अभिमानाने सांगायची, पण तिच्या घरात काच फक्त कंदिलाला. पाणी प्यायला पितळी फुलपात्रं. आणि मागच्या अंगणातल्या कोनाड्यात एक जर्मनचा पेला, पालथा घातलेला. तो कुणाचा, हे लहानपणी आम्ही कधी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती, सगळ्यांना माहीतच होतं.

असो. मुद्द्यावर येते.

मागच्या महिन्यात आमच्या कामाच्या मावशींना चहा दिला. ओट्यावर नवे ग्लास धुऊन ठेवले होते, त्यातलाच एक भरला. मावशी म्हणाल्या, "थांबा वहिनी, माझा हाय की हितं," आणि उठून सिंकवरच्या खिडकीतला ग्लास घेतला. चहा त्यात ओतून घेतला. मग प्यायच्या आधी तो हातात थोडा फिरवला. टवका गेलेली बाजू पलीकडे जाईल इतकाच. सरावाने. माझ्याशी बोलता बोलता.

नऊ वर्षं त्या आमच्याकडे येतायत. तो ग्लास तिथे मी ठेवला असं मला आठवत नाही. पण दुसऱ्या कोणी ठेवणार? टवका गेला, टाकवेना, पाहुण्यांना देता येईना, आम्हीही घेईना, मग गेला खिडकीत. मी 'वेगळा ग्लास' ठेवलाच नव्हता हो, मी फक्त फुटका ग्लास टाकला नव्हता. दोन्हीचा शेवट एकच झाला.

आम्ही जातपात मानत नाही, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. मीही म्हणते. मावशींची जात मी कधी विचारली नाही, याचं मला थोडं कौतुकही होतं. चवदार तळ्याचं पाणी १९२७ सालचं, अस्पृश्यता संपवणारं राज्यघटनेचं १७वं कलम १९५० पासून लागू. हे आपल्याला पाठ असतं. आणि तरी सिंकच्या खिडकीत एक ग्लास असतो.

फोनवर हे सांगितलं तर काकू म्हणाल्या, "अगं, स्वच्छतेचा प्रश्न असतो." (काकू, तुम्ही हे वाचणार आहात, रागावू नका.) पण आमचे सगळे ग्लास, माझा उष्टासुद्धा, मावशीच घासतात. त्यांच्या हातचा घासलेला ग्लास आम्हाला चालतो आणि त्यांनी तोंड लावून पुन्हा घासलेला चालत नाही, यात कुठली स्वच्छता? माझी एक मैत्रीण म्हणते, त्यांनाच संकोच वाटतो, त्यांनाच स्वतःचा वेगळा हवा असतो. असेल. नऊ वर्षं फुटक्या काठातून चहा दिल्यावर त्यांनी आणखी काय मागायचं होतं?

म्हणून माझा आग्रह एवढाच, की टवका गेलेला ग्लास त्याच दिवशी घराबाहेर काढा. ओठ कापतो, तिथूनच पुढे तडा जातो, ही कारणं आहेतच. पण तो घरात राहिला की कुणाचा तरी होतो. वॉचमनचा, प्लंबरचा, मावशींचा. पेन ठेवायला वापरा हवं तर. टाकताना वर्तमानपत्राच्या दोन-तीन घड्यांत गुंडाळून, वर मोठ्या अक्षरात 'काच' लिहून वेगळा द्या. कचरा हाताने वेगळा करणारी माणसं असतात.

तो ग्लास मी तसाच गुंडाळून दिला. दुसऱ्या दिवशी मावशींपुढे नवा ठेवला तर त्या मान हलवायला लागल्या. "काचंचा नगं वहिनी. त्या पल्याडच्या बिल्डिंगमदी घासताना एक फुटला, तर पगारातनं कापलं माझ्या." मी म्हटलं, इथे नाही कापणार, काचच आहे, फुटायचीच. त्यांना ते पटलं असं वाटलं नाही. शेवटी मी फडताळातून स्टीलचे दोन ग्लास काढले, सासूबाईंचं नाव घातलेले. आता आम्ही दोघी त्यातूनच चहा घेतो. बोटं भाजतात, पदराने धरावा लागतो. मावशींचा संपतो तेव्हा माझा अर्धाही झालेला नसतो.