शिळे आणि खवट

आश्विनात कीर्तनाचा पूर्वरंग संपवून क्षणभर टेकलो की श्रोत्यांतील एखादी माउली हमखास विचारते, "बुवा, दिवाळीपूर्वी केलेला फराळ तुळशीच्या लग्नापर्यंत खाल्ला, तर शिळे खाल्ल्याचा दोष लागतो का?"

गीतेच्या सतराव्या अध्यायात पर्युषित, म्हणजे शिळे अन्न तामसांना प्रिय म्हटले आहे, हे खरे. परंतु मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात (श्लोक २४-२५) त्याला अपवाद आहे. तुपातेलाने स्निग्ध झालेला पदार्थ अगर्हित असेल तर शिळा झाला तरी खावा. गहू, जव आणि दूध यांपासून केलेले पदार्थही चालतात. तेव्हा शंकरपाळे, चिरोटे, नानकटाई यांना शास्त्राची आडकाठी नाही. अट 'अगर्हित' एवढीच. खवट वास आला की ती मोडली.

आमच्या पनवेलास ही अट पाळणे सोपे नाही. खाडीची दमट हवा आणि दसऱ्यापर्यंत रेंगाळणारा पाऊस! घाटावर कुरकुरीत राहणारी चकली येथे पाहता पाहता सादळते. त्यात घाई नडते. कढत पदार्थ डब्यात कोंडला की वाफ झाकणाला धरते आणि पाणी होऊन पुन्हा त्याच्यावरच उतरते. म्हणून परातीत पसरून पूर्ण निवू द्यावे. नानकटाई तर निवल्यावरच कडक होते. तिच्या डब्यात चिवडा ठेवू नये, लसणीचा वास लागतो. गुळाच्या अनारशांजवळ चकली ठेवू नये. ओल्या नारळाची करंजी दोन दिवसांत संपवावी. रोजच्यापुरते लहान डब्यात काढून मोठा डबा मिटलेला ठेवावा. तळणीचे जुने तेल मात्र वापरूच नये. मग डबा कितीही घट्ट असो, खवटपणा आतूनच येतो.

आता मनातले बोलतो. पंधरा दिवसांनी वास येऊ लागलेला फराळ पुष्कळ घरांतून कागदात बांधून भांडी घासणाऱ्या बाईच्या हाती दिला जातो आणि त्याला दान म्हणतात! गीतेच्या त्याच अध्यायात अवज्ञेने दिलेल्या दानाला तामस म्हटले आहे. शिळ्याचा दोष विचारणाऱ्या घरांतच हे चालते. आमच्याही घरी एके वर्षी घडले, आणि मी पाहत होतो, हे लपवीत नाही.

तेव्हापासून नरक चतुर्दशीला नैवेद्य दाखविला की पहिला डबा बाईंचा भरतो. सगळे पदार्थ, आमच्याइतकेच ताजे, झाकण घट्ट. आमच्याकडचे काही पुढे खवटलेच तर ते टाकून देतो. गेल्या वर्षी त्यांनी डबा परत आणला तो लख्ख घासून. आणि रिकामा देऊ नये म्हणून तळाशी चिमूटभर साखर.