पाणीही बेतानेच प्यावे

गेल्या मोसमात एका रविवारी संध्याकाळी पस्तिशीतला एक तरुण मित्राच्या आधाराने दवाखान्यात आला. सकाळी पोहणे, सायकल आणि धावणे अशी तिहेरी स्पर्धा त्याने पूर्ण केली होती. डोके ठणकत होते, दोन उलट्या झाल्या होत्या, बोलणेही तुटक. "डॉक्टर, पाणी कमी पडलंय, सलाईन लावा," मित्र म्हणाला. बोटातली अंगठी रुतलेली दिसली म्हणून वजन केले. आदल्या दिवशीच्या वजनापेक्षा ते दीड किलो जास्त भरले! मी सलाईन न लावता त्याला तातडीने रुग्णालयात पाठविले. रक्तातील सोडियम 124 निघाले. ते 135 च्या खाली असू नये. वेळेवर उपचार झाले म्हणून तो वाचला.

वाचकहो, या मुलाला पाणी कमी नव्हे, जास्त झाले होते. 'तहान लागायची वाट पाहू नका' हा सल्ला त्याने इमानेइतबारे पाळला होता. घामातून मीठ जाते. वर गरजेपेक्षा जास्त पाणी ओतले की रक्तातील सोडियम उतरते आणि मेंदूला सूज येते. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा 13 टक्के जणांचे सोडियम कमी आढळले. वाटेत वजन वाढलेले आणि चार तासांहून अधिक वेळ घेणारे यांना धोका जास्त होता. रंगीत 'स्पोर्ट्स ड्रिंक' घेतले की धोका टळतो, हाही भ्रमच. त्यात रक्ताच्या मानाने मीठ फारच थोडे असते.

2019 साली गोव्यात 'आयर्नमॅन 70.3' प्रथम झाली. 1.9 किलोमीटर पोहणे, 90 किलोमीटर सायकल, 21.1 किलोमीटर धावणे! लोकलचे धक्के खाऊन अशी तयारी करणाऱ्या आपल्याकडच्या मुलांचे मला कौतुकच आहे. पण हजारो रुपयांची सायकल घेणारा वजनकाटा मात्र घेत नाही, ही माझी तक्रार आहे.

कोणी म्हणेल, आपल्या दमट हवेत घाम किती येतो! खरे आहे. हवा दमट असली की घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही आणि उष्माघाताचा धोकाही असतो. म्हणून तर अंदाजाने न पिता मोजून पाहा. तासाभराच्या सरावाआधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटले म्हणजे साधारण एक लिटर घाम गेला. स्पर्धेत तहानेप्रमाणे प्या. गेलेल्या घामापेक्षा जास्त कधीच नको.

खाण्याचेही तसेच. लांब पल्ल्याला ताशी 30 ते 60 ग्रॅम पिष्टमय पदार्थ लागतात. मध्यम केळ्यात सुमारे 25 ग्रॅम मिळतात. केळी, खजूर, चिक्की, मीठ लावलेला उकडलेला बटाटा यांतले जे सरावात पोटाला मानवले तेच घ्या. स्पर्धेच्या दिवशी नवे काही नको. आधी वेदनाशामक गोळी तर मुळीच नको. घामाने दमलेल्या मूत्रपिंडावर ती घाव घालते.

आणि घरच्यांना एक विनंती. स्पर्धेनंतर कोणी बरळू लागला, उलट्या करू लागला, तर पाणी पाजू नका आणि सलाईनचा आग्रह धरू नका. आधी सोडियम तपासून घ्या.